आजींचं नॉर्मल आणि लॅबचं नॉर्मल

सोमवारी संध्याकाळी ओपीडी भरलेली असताना थोरल्या मुलाचा फोन आला. "डॉक्टर, आईचा रिपोर्ट आलाय. पांढऱ्या पेशी नऊ हजार आठशे. शेजारी चार ते अकरा हजार छापलंय, म्हणजे बरोबर हाय न्हवं?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आला. हिमोग्लोबिन ९.४, पांढऱ्या पेशी ९,८००, प्लेटलेट १ लाख ४२ हजार. कागदाचा वरचा अर्धाच भाग फोटोत होता. खालचा मी मागितला नाही. "रक्त ठीक दिसतंय. ताप नाही ना? मग रात्रभर बघू, उद्या सकाळी कळवा," एवढं सांगून मी पुढच्या पेशंटकडे वळलो.

त्या उत्तरामुळे आजींचे जवळजवळ पंधरा तास गेले. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यामुळेच. आजींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे आणि घटनाक्रम मात्र जसा आहे तसा ठेवला आहे.

आजींचं वय ८२, वजन ३८ किलो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात थोरला मुलगा, सून आणि नातवंडांबरोबर राहतात. वीस वर्षांपासून रक्तदाब, दोन्ही गुडघे गेलेले. घरातल्या घरात काठी टेकत फिरतात, अंघोळीला सुनेचा हात लागतो, बाहेर पडणं जवळपास बंद. अशा थकलेल्या माणसाची ताकद मोजायला कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या रॉकवुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक मोजपट्टी मांडली. आज तिच्या नऊ पायऱ्या आहेत. आजी सहाव्या पायरीवर बसतात. या पायरीवरच्या माणसाला छोटासा धक्काही पुरतो. तरुण माणूस ज्या सर्दी-खोकल्यात कामावर जातो, त्याच आजारात हे माणूस अंथरूण धरतं. आणि ते अंथरूण धरतं तेव्हा बहुतेक वेळा खोकलाही नसतो, तापही नसतो. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की आई जेवत नाही, गप्प आहे, काल दोनदा तोल गेला.

आजींचंही तसंच झालं होतं. रविवारपासून जेवण कमी, सोमवारी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसल्या. मी फोनवरच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सांगितली आणि लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला.

मंगळवारी सकाळी सुनेचा फोन आला. तिनं रिपोर्टचं नावही काढलं नाही. "डॉक्टर, आत्यांना कायतरी झालंय. रोज सकाळी शंभर फुलवाती वळत्यात. आज दोन वळल्या, तिसरी हातातच धरून बसल्यात. बोटाला दूध लावायचं, तर वाटीच उपडी केली." मी ओपीडी सोडून घरी गेलो. फोनवरच्या ९,८०० या आकड्यानं जे सांगितलं नव्हतं, ते त्या तिसऱ्या वातीनं सांगितलं.

आजी पलंगावर बसलेल्या होत्या, डोळे उघडे. मला ओळखलं, हसल्या. कुणालाही वाटावं, वय झालंय, कंटाळल्यात. मी म्हटलं, "आजी, मराठी महिने उलटे म्हणून दाखवा बघू, फाल्गुनापासून." ज्यांचे सणवार, उपास, एकादशा सगळं तोंडपाठ, त्या आजी म्हणाल्या, "फाल्गुन, माघ, पौष… पौषात संक्रांत," आणि खिडकीकडे बघत राहिल्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा संक्रांतच. लक्ष एका जागी धरणंच जमत नव्हतं. आजारपणात अचानक येणाऱ्या अशा गोंधळाला डिलिरियम म्हणतात. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांच्या नजरेत येतो. असा गप्प डिलिरियम घरात कुणाला दिसत नाही, आणि म्हातारपणी तोच जास्त आढळतो.

काखेत ताप ९९.१. घरच्यांच्या दृष्टीनं ताप नाहीच. पण माझ्या जुन्या नोंदींत आजींचं तापमान दर वेळी ९७ च्या आसपास होतं. त्यात सकाळी गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉलची गोळी पोटात गेलेली. अमेरिकेच्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेनं वृद्धाश्रमांतल्या माणसांसाठी २००८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात तापाची व्याख्याच वेगळी आहे. तोंडात एकदा १०० च्या वर, किंवा पुन्हा पुन्हा ९९ च्या वर, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंशांहून जास्त वाढ. यातली तिसरी अट आजींना लागू पडत होती. गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या वृद्धांपैकी वीस ते तीस टक्क्यांत ताप येतच नाही किंवा अगदी नावाला येतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही आदल्या संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न "ताप नाही ना?" हाच केला होता.

नाडी ७६. तीही फसवी, कारण रक्तदाबाच्या गोळीत ॲटेनोलॉल आहे आणि ते नाडीला धावू देत नाही. रक्तदाब १०४/६२, एरवी १४०/८० असणाऱ्या बाईचा. मग पदराकडे नजर ठेवून, हातात घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजला. २८. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९१. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी बारीक करकर. म्हणजे बहुधा न्यूमोनिया.

श्वास मोजायला एक मिनिट लागतं आणि खर्च काहीच नाही. तो सोमवारी रात्री सुनेकडूनही मोजून घेता आला असता.

कागदाचा खालचा अर्धा भाग

आता पूर्ण रिपोर्ट मागवला आणि घरात असलेली जुनी फाइल काढायला सांगितली. देवघराखालच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन वर्षांतले तीन रिपोर्ट निघाले. आजींच्या पांढऱ्या पेशी ४,६००, ४,९०० आणि ५,२००. कधीही पाच हजारांच्या फार वर गेलेल्या नाहीत. म्हणजे सोमवारचे ९,८०० हे लॅबच्या हिशेबानं नॉर्मल आणि आजींच्या हिशेबानं दुप्पट.

त्याहून बोलका होता खालचा भाग. तिथे पांढऱ्या पेशींचे प्रकार होते. मधल्या रिपोर्टात न्यूट्रोफिल ५६ टक्के, लिम्फोसाइट ३६, इओसिनोफिल ५. सोमवारी न्यूट्रोफिल ८८, लिम्फोसाइट ८, इओसिनोफिल शून्य. टक्क्यांवर थांबू नये, त्यांचे आकडे काढावेत. ४,९०० चे ५६ टक्के म्हणजे साधारण २,७५०. ९,८०० चे ८८ टक्के म्हणजे ८,६००. जंतूंवर धावून जाणाऱ्या या न्यूट्रोफिल पेशी तिपटीहून जास्त झालेल्या, लिम्फोसाइट निम्म्याहून खाली. एकूण बेरजेत मात्र हे सगळं झाकलं गेलं. प्लेटलेटही १ लाख ४२ हजार, पूर्वी अडीच लाखांच्या आसपास असायच्या.

छापील मर्यादा ही अनेक निरोगी माणसांची असते. ८२ वर्षांच्या, अर्धपोटी जेवणाऱ्या, मांस झडलेल्या शरीराच्या हाडांतली, रक्तपेशी बनवणारी मज्जा त्या तालमीत राहिलेली नसते. तिला सैन्य उभं करायला वेळ लागतो आणि उभं केलं तरी थोडंच. म्हणून अशा माणसाचा आजचा आकडा त्याच्याच कालच्या आकड्याशी ताडून बघायचा. जुना रिपोर्ट नसेल तर निम्मी माहिती हातातून गेली असं मी आता धरतो.

पण पांढऱ्या पेशी जंतूंशिवायही वाढतात आणि आमच्या भागात एक कारण विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. बाजारात अंगदुखीच्या, सांधेदुखीच्या नावाखाली सुट्या पुड्यांतून ज्या गोळ्या मिळतात, त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, इओसिनोफिल खाली जातात. रिपोर्ट हुबेहूब इन्फेक्शनसारखा दिसतो. औषधांची पिशवी पलंगावर उपडी केली. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, कॅल्शियम, पॅरासिटामॉल. मुलगा म्हणाला, "त्या पुडीतल्या गोळ्या गेल्या वर्षी तुम्हीच बंद केल्या, तवापासनं न्हाईत." सून मान हलवत होती, म्हणून विश्वास ठेवला.

तरी खात्री स्लाइडवर करायची. ॲनालायझर यंत्र पेशी मोजतं, पण मज्जेतून घाईघाईनं बाहेर ढकललेल्या कच्च्या न्यूट्रोफिल, म्हणजे बँड सेल, त्याला नीट ओळखता येत नाहीत. त्यासाठी ताज्या रक्ताची काचपट्टी करून माणसानं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. जांभळ्या झाकणाच्या नळीत कालपासून पडून राहिलेल्या रक्तात पेशींचे आकार बिघडतात. म्हणून नवं रक्त घेतलं आणि पॅथॉलॉजिस्ट बाईंना फोन करून विनंती केली, "यंत्राचा आकडा नको, तुम्ही स्वतः बघा." दुपारी त्यांचा फोन आला. पांढऱ्या पेशी ११,९००, बँड ९ टक्के, न्यूट्रोफिलांत टॉक्सिक ग्रॅन्यूल, म्हणजे जंतुसंसर्गात दिसणारे दाट दाणे, भरपूर. स्टेरॉइडमुळे एवढ्या कच्च्या पेशी सहसा येत नाहीत.

त्याच अमेरिकी तत्त्वांत लिहिलंय की एकूण पेशी १४,००० च्या वर, किंवा बँड ६ टक्क्यांच्या वर गेले, तर ताप असो-नसो, जिवाणूंचा संसर्ग कसून शोधा. आजींच्या पेशी संपूर्ण आजारात १४,००० ला एकदाही पोचल्या नाहीत. सर्वांत जास्त १३,२००. बँडवरच पकडलं. आपल्याकडच्या किती रिपोर्टांत बँडचा रकाना भरलेला असतो, हे आपापल्या फाइली उघडून बघावं.

दोन चुकीच्या दारांवरून पुढे

मी घरी जाण्याआधी मुलानं स्वतःच्या मनानं आणखी दोन तपासण्या करून घेतल्या होत्या. काळजीनं केलेल्या, त्यात त्याचा काही दोष नाही. एक टायफॉइडसाठीची विडाल, १:८० पॉझिटिव्ह. फ्रान्समध्ये १८९६ मध्ये निघालेली ही तपासणी आपल्याकडे अजून कुठल्याही तापात केली जाते. जिथे टायफॉइड कायमचा आहे तिथे पूर्वीच्या संसर्गामुळेही ती अशी येते, आणि एकाच नमुन्यावरून काहीच ठरत नाही. ती बाजूला ठेवली.

दुसरी लघवीची. पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, १०-१२, बॅक्टेरिया दोन प्लस. इथे पाय घसरायची शक्यता जास्त होती, कारण हे दार उघडं होतं आणि आत उत्तर मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. म्हातारी बाई, भ्रमिष्ट झाली, लघवीत जंतू. औषध लिहिलं की झालं. पण दीर्घकाळ परावलंबी झालेल्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत कुठलाही त्रास नसताना जंतू सापडतात. ते तिथे राहतातच. म्हणूनच त्याच अमेरिकी संघटनेच्या २०१९ च्या तत्त्वांनी स्पष्ट सांगितलंय की वृद्ध माणूस गोंधळलेला आहे, लघवीत जंतू आहेत, पण जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप किंवा रक्तदाब घसरणं यातलं काही नाही, तर लघवीला जबाबदार धरू नका, दुसरं कारण शोधा. आजींचा रक्तदाब घसरला होता, त्यामुळे लघवीला सरळ निर्दोष सोडता आलं नाही. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवलं. त्यात ई. कोलाय हा जंतू उगवला. पण जळजळ नव्हती, कंबर दाबून दुखत नव्हती, आणि श्वास मात्र २८ होता. लघवीतले नुसते जंतू श्वास वाढवत नाहीत.

मी हे ठामपणे लिहितो, कारण लघवीच्या रिपोर्टवर थांबून छाती न तपासलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात क्विनोलोन गटाचं प्रतिजैविक सुरू झालं, पेशंट मधुमेहाच्या गोळ्यांवर असला, तर साखर घसरते आणि गोंधळ आणखी वाढतो.

दवाखान्यात

बाकीच्या रक्तात सीआरपी, म्हणजे अंगात दाह झाला की वाढणारं प्रथिन, ९६ मिलिग्रॅम प्रति लिटर. इथे एकक वाचल्याशिवाय आकडा वाचू नये. काही लॅब प्रति डेसिलिटर लिहितात, तिथे हाच आकडा ९.६ दिसतो आणि घाईत नजरेतून सुटतो. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोकोकसच्या न्यूमोनियाच्याच पेशंटच्या रक्तात सापडलं होतं. युरिया ५८, सोडियम १२६. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.१, जे लॅबनं नॉर्मल म्हटलं. पूर्वी ०.७ असायचं. ३८ किलोच्या आजींच्या अंगावर मांसच नाही, तर क्रिएटिनिन तयार होणार कुठून? वय आणि वजन घालून हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद मिनिटाला साधारण २४ मिलिलिटर निघते. क्रिएटिनिन बदलत असताना हा हिशेब अंदाजाचाच, पण प्रत्येक औषधाच्या मात्रेचा विचार करायला तो पुरेसा होता. पुन्हा तेच, लॅबचं नॉर्मल आणि आजींचं वेगळं. ईएसआर, म्हणजे रक्तपेशी तळाशी बसायचा वेग, ६८ आला. स्त्रियांत वयात दहा मिळवून निम्मं केलं तरी ४६ चालतो, वर रक्त कमी. त्यातून काही कळलं नाही, पुन्हा केला नाही.

न्यूमोनियाची तीव्रता मोजायच्या पद्धतीत गोंधळ, वाढलेला युरिया आणि ६५ च्या वरचं वय धरून तीन गुण झाले. घरी ठेवण्यासारखं नव्हतं. दुपारी जवळच्या रुग्णालयात दाखल केलं. प्रतिजैविक देण्याआधी दोन्ही हातांतून कल्चरसाठी रक्त घेतलं, ईसीजी बघितला, मग सेफ्ट्रायॅक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन. रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या. त्यांतल्या एकीत लघवी वाढवणारं थायझाइड होतं आणि सोडियम उतरवण्यात तिचाही हात होता. सोडियम सावकाश वर आणलं. छातीच्या पहिल्या फोटोत उजव्या तळाशी पुसटसा ढग, रेडिओलॉजिस्टनं "बहुधा" लिहिलं. दोन दिवसांनी तो स्पष्ट झाला. जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन पाठवायचं का, अशी चर्चा झाली. नमुना बाहेरगावी जाणार, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, मूत्रपिंड मंदावलं की तेही थोडं वाढतं, आणि शून्य आलं तरी आम्ही औषध थांबवणार नव्हतो. नाही पाठवलं.

बुधवारी सकाळी सीआरपी १४८ आलं. मुलगा कागद हातात घेऊन धावतच आला. "डॉक्टर, वाढलंय! पुण्याला हलवू का? गाडी सांगून ठेवलीय."

आम्ही दोघं आजींच्या कॉटजवळ गेलो. श्वास मोजला, २२. ऑक्सिजन कमी करून बघितला, ९४ टिकला. आजींनी मुलाकडे बघून विचारलं, "म्हशी कोण बघतंय?" मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण दोन दिवसांत पहिल्यांदाच आईनं त्याला घरातली गोष्ट विचारली होती. मी त्याला तिथेच बसवून सांगितलं. सीआरपी यकृतात तयार होतं, चिथावणी मिळाल्यावर काही तासांनी चढायला लागतं आणि शिखर गाठायला सुमारे दोन दिवस लागतात. आज कागदावर दिसतंय ते कालचं भांडण. आजचं आईच्या श्वासात दिसतंय. शुक्रवारी सीआरपी ६१ आलं, रविवारी २२. सीआरपी एकदा बघण्यापेक्षा उतरताना बघण्यात जास्त उपयोग आहे. तीन-चार दिवसांत ते निम्म्यावर आलं नाही तर निदान, औषध किंवा पू साठण्याची शक्यता पुन्हा तपासावी.

रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. तसं बऱ्याचदा होतं. कारण कळलं ते सुनेच्या बोलण्यातून. महिनाभर आजींना चहा पिताना ठसका लागत होता आणि त्या पडल्या पडल्याच बशीतून चहा घ्यायच्या. न्यूमोनिया का झाला, हे त्यानं समजलं. घशात जाणारा घोट श्वासनलिकेत उतरत होता. हे कुठल्याही रक्तात दिसलं नसतं. आता आजी टेकून सरळ बसल्याशिवाय काही घेत नाहीत, जेवणानंतर अर्धा तास बसून राहतात, आणि सून रोज दोनदा कवळी काढून तोंड स्वच्छ करते.

नवव्या दिवशी घरी सोडलं. वजन ३५ किलो भरलं. पूर्वीसारखं चालणं अजून आलेलं नाही, संडासापर्यंतही आता हात धरावा लागतो. सोमवारीच गेलो असतो तर हे टळलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण प्रश्न सुटत नाही.

घरी गेल्यावर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात आजींचे बऱ्या असतानाचे आकडे लिहून दिले. ताप ९७, श्वास १८, रक्तदाब १४०/८०, पांढऱ्या पेशी पाच हजार, क्रिएटिनिन ०.७, वाती शंभर. शेवटचा आकडा सुनेनं सुचवला. माझ्या दवाखान्यात आता पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रत्येक थकलेल्या पेशंटचा असा कागद करायला घेतला आहे. बरं असतानाच वर्षातून एकदा रक्त काढून ठेवायचं, म्हणजे आजारपणात ताडून बघायला काहीतरी असतं.

श्रावणात सुनेचा फोन आला. "आत्या सकाळपासनं गप हाईत. ताप बघितला, सत्त्याण्णव पॉइंट दोन. श्वास मोजला, अठरा. वाती साठ झाल्या आणि बाजूला सारल्या. रक्त काढायला बोलवू का?" मी म्हटलं, महिने उलटे विचारा. पलीकडून आजींचा आवाज ऐकू आला, फाल्गुनापासून चैत्रापर्यंत एका दमात, रागानं. मग सुनेनं सांगितलं, नागपंचमीला धाकटी लेक येणार नाही असा काल रात्री निरोप आला होता.

रक्त काढलं नाही. लेकीला फोन लावून आजींच्या हातात द्यायला सांगितलं.